धोरण मीटरवर वाचा

इचलकरंजीत यंत्रमागवाल्यांचे हिशेब लिहून माझं पोट चालतं. कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी येतात, ‘शहराच्या अर्थव्यवस्थेवर शासकीय धोरणांचा परिणाम’ असलं भलंमोठं शीर्षक घेऊन. ते मी आधी खोडायला लावतो. अख्खं शहर धरू नका, एक धंदा धरा.

धंदा ठरला की त्यातला असा आकडा शोधा, ज्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा. आमच्याकडे तो 27 एचपी, म्हणजे वीजजोडणीचा लोड. यंत्रमागाच्या वीजसवलतीत 27 एचपीच्या आतले आणि वरचे असे दोन गट आहेत. म्हणून शेडमध्ये शिरलात की माग मोजण्याआधी मीटर मोजा. दोन दिसले, त्यातला एक भावाच्या नावावर, तर घर खरंच वाटून झालंय की सवलतीसाठी लोड 27 च्या आत ठेवलाय, ते विचारा. (चहा झाल्यावर विचारा, आधी नको.) ऊसपट्ट्यात हाच आकडा अंतराचा असतो: केंद्राच्या आदेशात दोन साखर कारखान्यांमध्ये किमान 15 किलोमीटर, महाराष्ट्रानं ते 25 केलं. शेतकऱ्याला दुसरं गिऱ्हाईक किती लांब, हे तिथंच ठरतं. एमआयडीसीच्या गावात तालुक्याचा वर्ग बघा, अ की ड; उद्योगाला सरकारी सवलत किती, ते त्यावर ठरतं.

मग तारखा मांडा. म्हातारे कारखानदार सांगतात ते साल एका बाजूला, शासन निर्णयावरचं साल दुसऱ्या बाजूला. ऑटोलूम, म्हणजे स्वयंचलित माग, कधी आले विचारलंत, तर 1999 ची केंद्राची तंत्रज्ञान उन्नयन योजना शेजारी ठेवा. नव्या यंत्रांच्या कर्जावर 5 टक्के व्याज सरकार भरायचं.

तारखेनंतरचा प्रश्न जास्त महत्त्वाचा: पैसे कोणाचे अडकले? 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. पॉलिएस्टरच्या सुतावर 18 टक्के, काही महिन्यांनी 12. कापडावर मात्र 5. सुतावर जादा भरलेल्या कराचा परतावा कापडाला नव्हता, तो 1 ऑगस्ट 2018 पासून लागू झाला. मधल्या काळात स्वतः सूत घेऊन कापड विकणाऱ्याचं भांडवल अडकलं. खर्चीवाला दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं विणतो, त्याला हा फटका थेट नव्हता. व्यापाऱ्यानं काम कमी दिलं, तेव्हा तो पोचला. ‘यंत्रमागधारक’ असा एकच रकाना केलात तर हे दिसणारच नाही.

शेवटी उलट तपासणी करा. वीजसवलत भिवंडीलाही आहे. तरी तिथं आजूबाजूला गोदामं उभी राहिली, इथं नाहीत. ते वीजबिलात सापडायचं नाही. मुंबईचं अंतर बघा, आणि मुंबईच्या हद्दीत माल नेला की 2017 पर्यंत जकात लागायची, तेही बघा.