नोट्स अपलोड करताय? या चुका टाळा

नेरुळच्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. ऐरोलीहून येणारी एक विद्यार्थिनी तास संपल्यावर थांबली. तिला दिसत नाही. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून ती अभ्यास करते. "मॅडम, तुमच्या नोट्स उघडल्या, पण हा काहीतरी भलतंच वाचतोय." तिने एक इअरफोन माझ्या हातात दिला. 'मराठी' हा शब्द अक्षर-अक्षर ऐकला तर कानावर आलं: ई, जे, के, बी, एच.

नोट्स मी कृतिदेवमध्ये टाइप केल्या होत्या. अशा जुन्या फाँटमध्ये पडद्यावर 'म' दिसतो, पण फाईलच्या पोटात इंग्रजी 'ई' असतो. म्हणून टायपिंग युनिकोडमध्येच करा, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा संकेत असतो. जुन्या फाईली कन्व्हर्टरमधून काढल्यात तर जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला.

तपासणं अगदी सोपं आहे. एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठी उमटलं तर ठीक. अगम्य अक्षरं आली तर तिच्या कानावरही तीच पडणार. काहीच उचललं गेलं नाही, तर ती फाईल म्हणजे नुसता फोटो. पुस्तकाची पानं मोबाइलने स्कॅन करून ग्रुपवर टाकायची सवय आपण सोडलीच पाहिजे. अशी पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडली की मजकूर सुटा होतो. तक्ते मात्र बहुतेकदा विस्कटतात, ते हाताने लावा.

शीर्षक नुसतं ठळक करू नका, वर्डमधली हेडिंग स्टाइल द्या. मग वर्डची फाईल 'सेव्ह ॲज'मधून पीडीएफ करा. 'प्रिंट टू पीडीएफ'ने या खुणा पुसल्या जातात. खुणा असल्या की एनव्हीडीएच्या ब्राउझ मोडमध्ये 'एच' दाबून पुढच्या मुद्द्यावर जाता येतं, नाहीतर चाळीस पानं पहिल्यापासून ऐकत बसायचं.

आलेखाच्या ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडर चित्राऐवजी वाचतो त्या वर्णनात, 'आकृती 1' लिहून भागत नाही. 'किंमत 10 वरून 20 रुपये झाली, मागणी 50 वरून 30 नगांवर आली' असं लिहा. व्हिडिओत 'हे इथून इकडे येतं' म्हणण्याऐवजी काय कुठे जातं ते बोला. कर्णबधिर मुलांसाठी कॅप्शन द्या, आपोआप तयार झालेली असतील तर पारिभाषिक शब्द स्वतः दुरुस्त करा.

ऑनलाइन चाचणीचा टायमर हमखास विसरला जातो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखी परीक्षेत पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला किमान 20 मिनिटं जादा मिळतात. तोच हिशोब इथेही लावा: 30 मिनिटांच्या चाचणीला 40. मूडल या ऑनलाइन शिकवण्याच्या प्रणालीत 'यूजर ओव्हरराइड'ने ही वेळ त्या एकाच विद्यार्थ्यापुरती वाढवता येते.