एनपीटीईएलचे मेल चॅटबॉटकडून समजून घेताना

सत्र सुरू झाले की आमच्या महाविद्यालयातील मुले मोबाइल पुढे धरून एकच प्रश्न विचारतात, "मॅडम, हा मेल आलाय, आता नेमकं करायचं काय?" मी महाविद्यालयातील एनपीटीईएल शाखेची (लोकल चॅप्टरची) स्पॉक म्हणून, म्हणजे एनपीटीईएल आणि विद्यार्थी यांच्यामधला दुवा म्हणून काम पाहते. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचे जे अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या स्वयम् या मंचावर एनपीटीईएलमार्फत चालतात, ते ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात. तेवढ्या काळात नव्या आठवड्याचे व्हिडिओ आले, असाइनमेंटची ड्यू डेट जवळ आली, परीक्षेचा अर्ज खुला झाला, हॉल तिकीट निघाले, अशा कारणांनी एकामागून एक मेल येत राहतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार विद्यापीठांना एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयम्‌वरून मान्य करता येतात, त्यामुळे एखादा मेल नीट न कळल्याची किंमत आता थेट पदवीसाठी धरल्या जाणाऱ्या क्रेडिटमध्ये मोजावी लागते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना या इंग्रजी मेलांसाठी चॅटबॉटचा चांगला उपयोग होतो, हे मी रोज पाहते. मात्र तो उपयोग कसा करायचा, हे त्यांना शिकवावे लागते.

हे मेल मुळात अवघड का वाटतात, ते आधी लक्षात घ्यावे. एकच मजकूर हजारो जणांना एकाच वेळी जातो, आणि त्यात अर्ज भरलेला, अर्ज न भरलेला, फी अडकलेला, केवळ व्हिडिओ पाहण्यापुरता आलेला असे सगळेच असतात. म्हणून मेलमध्ये "आपण आधीच अर्ज भरला असेल तर हा मेल दुर्लक्षित करावा" अशा अर्थाचे वाक्य हमखास असते, आणि घाबरलेल्या विद्यार्थ्याच्या नजरेतून नेमके तेच सुटते. मेलला तुम्ही कोण हे ठाऊक नसते आणि चॅटबॉटलाही नसते. त्यामुळे आपली परिस्थिती आपणच दोन ओळींत सांगितल्याशिवाय चॅटबॉटचे उत्तर आपल्यापुरते नेमके होत नाही.

पहिले काम म्हणजे मेल अर्धवट न देता पूर्ण देणे. विषयाची ओळ, मेल आल्याची तारीख आणि शेवटची बारीक अक्षरांतली सूचना हे तिन्ही कॉपी करावे, कारण "उद्या रात्रीपर्यंत" यातला उद्या कोणता, हे मेलच्या तारखेवाचून कळत नाही. जीमेलमध्ये मेलचा आकार १०२ केबीच्या पुढे गेला की खालचा भाग कापला जातो आणि पूर्ण मेल पाहण्यासाठी एक दुवा दिसतो. तो उघडूनच कॉपी करावे. एकाच विषयाचे मेल साखळीने आले असतील, तर आधी येऊन गेलेला मजकूर तीन ठिपक्यांमागे दडवलेला असतो, तोही उघडून पाहावा. मोबाइलवर कॉपी करणे जिकिरीचे वाटले तर स्क्रीनशॉट चालतो. परंतु लांब मेलचे दोन-तीन स्क्रीनशॉट काढताना मधल्या दोन ओळी गळतात आणि नेमकी तारीख त्याच ओळींत असते, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

देण्यापूर्वी काही गोष्टी झाकाव्यात. हॉल तिकीट जसेच्या तसे चॅटबॉटमध्ये टाकू नये, कारण त्यावर आपला फोटो आणि ओळख पटवणारा इतर तपशील असतो. अर्ज क्रमांक, मोबाइल क्रमांक, ओटीपी आणि फी भरल्याच्या व्यवहाराचा क्रमांक काढून त्या जागी फुल्या टाकाव्यात. मेलमधील काही दुवे केवळ आपल्यासाठी तयार केलेले असतात आणि त्यांवरून थेट आपल्या खात्यात शिरता येऊ शकते, तेव्हा लांबलचक दुवेही खोडून टाकावेत. समजावून सांगण्यासाठी चॅटबॉटला यांतले काहीही लागत नाही.

आता प्रश्न कसा विचारावा. "हा मेल मराठीत सांग" एवढे म्हटले की भाषांतर मिळते, आणि भाषांतर वाचूनही काय करायचे ते कळत नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मी पुढील मजकूर लिहून दिला आहे: "मी या अभ्यासक्रमाला एनरोल झालो आहे, परीक्षेचा अर्ज अजून भरलेला नाही आणि मला क्रेडिटसाठी प्रमाणपत्र हवे आहे. आजची तारीख अमुक आहे. खालील मेल वाचून मला काय करायचे आहे, कोणत्या तारखेपर्यंत आणि न केल्यास काय होईल, ते सोप्या मराठीत सांग. प्रत्येक मुद्द्यापुढे मेलमधील मूळ इंग्रजी वाक्य जसेच्या तसे दे. जे मेलमध्ये नाही, ते मेलमध्ये नाही असेच सांग." चॅटजीपीटी असो वा जेमिनी, हा मजकूर दोन्हीकडे चालतो. त्यातील मूळ वाक्य मागण्याची ओळ कधीही गाळू नये. चॅटबॉट सांगतो ते मेलमध्ये खरोखर आहे का, हे त्या वाक्यावर बोट ठेवून लगेच ताडून पाहता येते, आणि तसे वाक्य मेलमध्ये सापडले नाही, तर तो मुद्दा सोडून द्यावा.

मूळ इंग्रजी शब्द का हवेत, हे मला एका विद्यार्थिनीच्या नुकसानीतून कळले. एनपीटीईएलमध्ये अभ्यासक्रमाला एनरोल होणे आणि परीक्षेसाठी रजिस्टर करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले मोफत असते, तर दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी फी असते, आणि त्याची शेवटची तारीखही वेगळी असते. तिने दोन मेल चॅटबॉटला दिले होते आणि त्याने दोन्ही ठिकाणी एकच शब्द वापरला, "नोंदणी". पहिल्या मेलमध्ये "आपली नोंदणी यशस्वी झाली आहे" असे वाचल्यावर दुसऱ्या मेलमधले "नोंदणीची अंतिम तारीख" हे शब्द तिने आपल्यासाठी नाहीत असे समजून सोडून दिले. ती माझ्याकडे आली तेव्हा तारीख उलटून दोन दिवस झाले होते. सगळ्या असाइनमेंट वेळेवर भरलेली मुलगी त्या सत्रात परीक्षेला बसू शकली नाही, याची हळहळ मला आजही आहे. भाषांतर चुकीचे होते असे म्हणता येत नाही, कारण मराठीत आपण दोन्हींना नोंदणीच म्हणतो. म्हणून चॅटबॉटला स्पष्ट सांगावे की एनरोलमेंट, रजिस्ट्रेशन, असाइनमेंट, ड्यू डेट, हॉल तिकीट हे शब्द बदलू नकोस, त्यांच्याभोवतीचे वाक्य तेवढे मराठीत कर.

याच न्यायाने आणखी काही शब्दांचा अर्थ वेगळा विचारून घ्यावा. टेंटेटिव्ह म्हणजे तारीख अजून पक्की झालेली नाही, तेव्हा तेवढ्यावर प्रवासाचे आरक्षण करू नये. एलिजिबल म्हणजे आपण पात्र आहोत, आपल्याला ते मिळालेले आहे असे नव्हे. सबजेक्ट टू हे शब्द आले की त्यापुढची अट वाचल्याशिवाय वाक्य संपले असे मानू नये.

गुणांविषयीच्या मेलमध्ये चॅटबॉट खरोखर उपयोगी पडतो, पण त्याला आकडेमोड पायरीपायरीने दाखवायला सांगावे. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात १२ पैकी सर्वोत्तम ८ असाइनमेंटची सरासरी धरली जाते आणि तिला २५ गुण असतात. केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ गुण असतात. समजा, सर्वोत्तम आठांमध्ये ८०, ७५, ९०, ६०, ७०, ८५, ६५ आणि ७५ असे गुण आहेत. त्यांची बेरीज ६०० आणि सरासरी ७५ होते, म्हणजे २५ पैकी १८.७५ गुण झाले. दोन असाइनमेंट चुकल्याच्या धास्तीने अभ्यासक्रमच सोडायला निघालेल्या मुलाला हा हिशेब दाखवला की तो थांबतो. दुसरीकडे, प्रमाणपत्रासाठी असाइनमेंटमध्ये २५ पैकी किमान १० आणि परीक्षेत ७५ पैकी किमान ३० अशा दोन्ही अटी स्वतंत्रपणे पूर्ण व्हाव्या लागतात. परीक्षेत ३३ आणि असाइनमेंटमध्ये ९ असतील, तर एकूण ४२ होऊनही प्रमाणपत्र मिळत नाही. मेलमधला "आणि" हा लहानसा शब्द येथे सगळे ठरवतो, म्हणून "दोन्ही अटी एकत्र आहेत की कोणतीही एक पुरे?" असे चॅटबॉटला थेट विचारावे.

तारखांबाबत एनपीटीईएलच्या मेलमध्ये भारतीय वेळ असते, त्यामुळे तिथे घोळ कमी होतो. परदेशी मंचांचे अभ्यासक्रम करणाऱ्यांनी मात्र वेळेचा उल्लेख बारकाईने पाहावा. यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ; तिच्यानुसार रात्री २३:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीची पहाटेची ५:२९ होते. ०४/०५ ही तारीख अमेरिकी पद्धतीने ५ एप्रिल ठरते आणि आपल्या पद्धतीने ४ मे. मेल कोणत्या मंचाचा आहे हे सांगून चॅटबॉटकडून तारीख महिन्याच्या नावासह लिहून घ्यावी, आणि शंका राहिलीच तर दोन्हींपैकी आधी येणारी तारीख धरून काम उरकावे.

आता मर्यादा. चॅटबॉटला आपला डॅशबोर्ड, म्हणजे लॉगिन केल्यावर दिसणारे आपल्या खात्याचे पान, दिसत नाही. "माझी फी जमा झाली का?" या प्रश्नाचे उत्तर तो देऊच शकत नाही, तरीही विचारले तर मेलमधल्या सर्वसाधारण वाक्यावरून तो "होय, झाली आहे" असे आत्मविश्वासाने सांगू शकतो. शिवाय मेलमध्ये फीचा आकडा नसेल, तर मागच्या एखाद्या सत्राचा आकडा तो आणून बसवतो आणि तो वाचायला अगदी खरा वाटतो. म्हणून करायचे काम आणि तारीख त्याच्याकडून समजून घेतल्यावर त्या दोन्ही गोष्टी स्वयम्‌च्या संकेतस्थळावर स्वतः लॉगिन करून, अभ्यासक्रमाच्या पानावरील सूचनांमध्ये पडताळाव्यात. तेथे जाताना मेलमधला दुवा न दाबता पत्ता स्वतः टाइप करावा. प्रमाणपत्रासाठी तातडीने पैसे भरा असे सांगणारा मेल खरा की बनावट, याचा निवाडा चॅटबॉटवर सोपवू नये. कॉपी केलेल्या मजकुरावरून पाठवणारा कोण हे त्याला खात्रीने कळत नाही. असा मेल सरळ आपल्या स्पॉककडे आणावा, आम्ही त्यासाठीच असतो.

एवढे करूनही अडचण राहिली तर विचारणा करावी लागते, आणि येथे चॅटबॉट पुन्हा कामी येतो. बरेच स्वयंचलित मेल अशा पत्त्यावरून येतात की त्याला दिलेले उत्तर कोणी वाचत नाही. तेव्हा संपर्कासाठी मेलमध्येच दुसरा पत्ता दिला आहे का, ते त्याला शोधायला सांगावे. मग आपली अडचण मराठीत सांगून त्याच्याकडून पाच-सहा ओळींचा इंग्रजी मेल लिहून घ्यावा. त्यात अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव, त्याचा कोड, ज्या ई-मेलने आपण एनरोल झालो तो पत्ता आणि अडचण कोणत्या दिवशी आली ती तारीख आपल्या हाताने भरावी. पाठवण्यापूर्वी तो मेल पुन्हा मराठीत करून मागावा आणि आपल्याला म्हणायचे होते तेच त्यात आले आहे का, ते पाहून मगच पाठवावा.