लिस्टवरचा फॉर लूप: इंडेक्स कधी टाळायचा, कधी घ्यायचा

पायथन नव्याने शिकणाऱ्यांच्या कोडमध्ये ही ओळ हमखास सापडते:

फॉर आय इन रेंज(लेन(गुण)):
    प्रिंट(गुण[आय])

चूक नाही, पण इथे आय (इंडेक्स, म्हणजे घटकाचा यादीतला जागा-क्रमांक) घटक मिळवण्यापलीकडे कशालाच लागत नाही. हवा आहे तो घटक, मग तोच मागा:

साधं 'फॉर एक_गुण इन सगळे_गुण:' लिहा. यादीचं नाव अनेकवचनी आणि घटकाचं एकवचनी ठेवलं की लूप वाचताना कशावर फिरतोय ते लगेच कळतं. (उदाहरणं इथे देवनागरीत आहेत. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, कीवर्ड, तयार फंक्शनची नावं आणि अंक मात्र रोमनच टाइप करावे लागतात.) यादीला 'लिस्ट' किंवा बेरजेला 'सम' हे नाव देऊ नका. त्या नावाची तयार सोय झाकली जाते आणि पुढे सम(...) लिहिलं की टाइप-एरर येते.

क्रमांकही छापायचा असेल तर वेगळा काउंटर ठेवून तो वाढवत बसू नका. एखाद्या कंटिन्यूच्या (उरलेल्या ओळी सोडून थेट पुढच्या फेरीला जाण्याच्या सूचनेच्या) आधी तो वाढवायचा राहून जातो. त्यासाठी एन्युमरेट आहे:

फॉर क्रमांक, नाव इन एन्युमरेट(नावं, स्टार्ट=१):

स्टार्ट दिला नाही तर मोजणी ० पासून होते.

दोन याद्या जोडीने फिरवायला झिप वापरा. त्याची एक खोड लक्षात ठेवा: लहान यादी संपली की तो गुपचूप थांबतो. ५ नावं आणि ४ गुण असतील तर पाचवं नाव गायब होतं, एररही येत नाही. पायथन ३.१० पासून झिपला स्ट्रिक्ट=ट्रू देता येतं; मग लांबी जुळली नाही तर व्हॅल्यू-एरर मिळते. याद्या सारख्याच लांबीच्या असायला हव्यात तिथे हे द्याच.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक म्हणजे लूप चालू असताना त्याच यादीतून घटक काढणं.

आकडे = [४, ८, ८, ५]
फॉर न इन आकडे:
    इफ न == ८:
        आकडे.रिमूव्ह(न)

उरायला हवेत ४ आणि ५, पण उरतात ४, ८, ५. लूप आतून जागा मोजत जातो. जागा १ वरचा ८ काढला की पुढचे सगळे एकेक घर मागे सरकतात आणि दुसरा ८ जागा १ वर येतो. लूप मात्र जागा २ कडे निघालेला असतो, तिथे त्याला ५ भेटतो. शेजारी-शेजारी दोन ८ नसतील तर उत्तर बरोबर येतं, म्हणून ही चूक चाचणीत सहज निसटते. काढण्याऐवजी हवे तेवढेच घेऊन नवी यादी करा:

आकडे = [न फॉर न इन आकडे इफ न != ८]

हीच यादी दुसऱ्या नावानेही वापरात असेल, तर डावीकडे आकडे[:] लिहा. म्हणजे मूळ यादीच बदलते.

याच्या उलट गोंधळ: लूपमध्ये 'न = न * २' लिहिलं तरी यादी जशीच्या तशी राहते. न हे घटकाला तात्पुरतं दिलेलं नाव आहे. ते नाव दुसऱ्या किमतीला चिकटवलं, यादीतली जागा तशीच राहिली. जागेवरच बदल हवा असेल तर इंडेक्स खरंच लागतो. तेव्हा एन्युमरेटमधून तो घ्या आणि आकडे[आय] = न * २ लिहा.

इफच्या आत इफ साचत गेले तर अट उलटी करा: नको असलेल्या घटकाला आधीच कंटिन्यूने बाजूला सारा, मुख्य काम एकाच पातळीवर राहतं. एका ओळीच्या कॉम्प्रिहेन्शनमध्ये (वर कंसात लूप लिहून नवी यादी केली तशा रचनेत) दोन फॉर आणि दोन इफ कोंबण्यापेक्षा साधा चार ओळींचा लूप केव्हाही बरा.