बोटुकली सोडण्याआधी कल्ल्यांसाठी पाण्याची तयारी

मत्स्यबीज, म्हणजे तलावात सोडायची माशांची बोटाएवढी पिलं (बोटुकली), येण्याच्या आधी सलग तीन दिवस पहाटे पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजा. दुपारचा आकडा फसवतो: उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्री तेच तो वापरतं आणि सूर्योदयाच्या सुमाराला पातळी तळ गाठते. तेव्हा लिटरला 5 मिलिग्रॅम मिळाले तर ठीक. 3 च्या खाली असेल तर बीज मागवूच नका. उन्हाळ्यात अडचण दुहेरी असते. 20 अंशांना गोड्या पाण्यात साधारण 9.1 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना 7.5, आणि पिलांची गरज मात्र वाढलेली असते. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) आधीच रात्रभर चालवून बघा. नळाचं पाणी भरलं असेल तर क्लोरीन काढा. 1 मिलिग्रॅम क्लोरीनला सुमारे 7 मिलिग्रॅम सोडियम थायोसल्फेट लागतं.

अमोनियाचा आकडा सामूसोबतच (पाण्याचा आम्ल-अल्कपणा, pH) वाचायचा. 25 अंशांना सामू 8 असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम 5 टक्के विषारी रूपात असतो, 9 झाला की एक तृतीयांशाहून जास्त. त्याने कल्ले सुजतात, श्लेष्मा (चिकट स्राव) वाढतो आणि भरपूर प्राणवायूतही पिलू धापतं. चुन्याने सामू चढतो, म्हणून बीज यायच्या तोंडावर तो टाकू नये.

अमोनियापासून पाण्यात बनणाऱ्या नायट्राइटची तऱ्हा वेगळी. तो रक्तातच गडबड करतो, त्यामुळे एरेटरने भागत नाही. संशय आला तर एका पिलाच्या कल्ल्याचं झाकण उचला: लालऐवजी चॉकलेटी रंग दिसला की नायट्राइटची बाधा समजा. उतारा म्हणून पाण्यातलं क्लोराइड (मिठातून मिळणारा घटक) नायट्राइट-नायट्रोजनच्या (नायट्राइटमधल्या नायट्रोजनच्या) दहापट ठेवा. 1000 घनमीटर पाण्यात नायट्राइट-नायट्रोजन लिटरला 1 मिलिग्रॅम निघाला आणि पाण्यात आधीचं क्लोराइड नसेल, तर साधं मीठ साधारण 17 किलो विरघळवून टाका.

पाठवणाऱ्याला बीज उपाशी ठेवून भरायला सांगा. भरल्या पोटाची पिलं पिशवीतच पाणी नासवतात. पिशव्या बंदच 15 ते 20 मिनिटं तलावात तरंगत ठेवा, सावलीत. लवकर उघडू नका. प्रवासात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पिशवीतला सामू उतरलेला असतो आणि अमोनिया निरुपद्रवी राहतो. तोंड उघडून हवा मारली की वायू उडतो, सामू चढतो आणि तोच अमोनिया जाळायला लागतो. तापमान जुळलं की उघडा, तलावाचं थोडं पाणी घाला आणि पिलं लगेच बाहेर जाऊ द्या. पिशवीतलं पाणी तलावात ओतू नका. खाद्य दुसऱ्या दिवशी, तेही पहाटेचा आकडा बघूनच.