चवथीला गावी येताय? नोटरीची पिशवी मुंबईतच भरा

चवथीला, म्हणजे गणपतीत, घर भरतं. पाच वर्षांत तोंड न पाहिलेले भाऊ एका पंगतीत बसतात, बहिणी माहेरी येतात, आणि आरती झाल्यावर कोणीतरी म्हणतंच, "सगळे आहोत तर तेवढं जमिनीचं काम उरकून टाकूया." दुसऱ्या दिवशी दहा वाजता सात माणसं आमच्या ऑफिसच्या बाकावर, आणि कागद मात्र दोघांकडेच. मी कुडाळला नोटरी असलेल्या एका वकिलांकडे टायपिंगचं काम करतो. हे सगळं दर चवथीला बघतो, म्हणून लिहितोय.

पिशवी भरण्याआधी काम नोटरीचं आहे की नाही ते बघा. जमिनीतला हिस्सा भावाला सोडायचा असेल, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या सरकारी कार्यालयात, नोंदवावं लागतं. खरेदीखत आणि बक्षीसपत्राचंही तसंच. १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ त्यासाठीच आहे. नोटरीचा गोल शिक्का कितीही ठसठशीत उमटला तरी त्यावर सातबारा हलत नाही. बारा वर्षांपूर्वी नोटरी केलेलं हक्कसोडपत्र जपून आणणारे लोक दरवर्षी येतात, आणि त्यात हिस्सा सोडणारा आता हयातही नसतो. उलट शाळा-कॉलेजच्या दाखल्यांसाठी धावत येणाऱ्यांना बहुतेक वेळा नोटरी लागतच नाही. २०१५ पासून राज्य सरकारने अशा कामांना साधं स्वयंघोषणापत्र चालवलं आहे. लग्न किंवा सोडचिठ्ठी 'नोटरी करून' हवी असेल, तर येऊच नका. नोटरीला तो अधिकार नाही, हे केंद्राच्या विधी खात्याने २०२४ मध्ये पुन्हा बजावलं आहे.

मुखत्यारपत्राची, म्हणजे पॉवर ऑफ अॅटर्नीची, गोष्ट जरा फसवी आहे. तहसीलात तारखेला हजर राहायला किंवा वीजबिलाचं नाव बदलायला भावाला मुखत्यार नेमलंत, तर नोटरीचं मुखत्यारपत्र सहसा चालतं. पण तोच भाऊ तुमच्या वतीने दस्त नोंदणीला हजर करणार असेल, तर भारतात केलेलं मुखत्यारपत्र निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोरच प्रमाणित झालेलं लागतं. दुबईत असलेल्याने तिथल्या भारतीय वकिलातीत सही करावी. तो कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. कुरिअरची तारीख दिसेल असं पाकीट जपून ठेवा, कचऱ्यात टाकू नका.

आता मुख्य गोष्ट. नोटरी जमीन कोणाची ते सांगत नाही, मजकूर खरा असल्याची हमीही देत नाही. अमुक माणूस माझ्यासमोर आला, त्याची ओळख मी पटवली आणि त्याने माझ्यासमोर सही केली किंवा शपथ घेतली, एवढंच तो सांगतो. म्हणून पिशवीत सगळ्यात आधी माणूस हवा. गेल्या साली एक गृहस्थ आत्याची सही मालाडहून करून घेऊन आले. आत्या मालाडला, कागद कुडाळात. वकिलांनी हात लावला नाही, तर ते गृहस्थ म्हणाले, "सही तर तिचीच असा मरे!" असेल हो. पण आत्या बाकावर नव्हती. कागद घरी वाचा, चुका काढा, हवं तर पेन्सिलीने खुणा करा. सही मात्र समोर बसूनच. कुठे एखादा नोटरी माणूस न बघता शिक्का मारून देत असेल, तर तो कागद उद्या कोर्टात तुमच्याच गळ्यात येतो.

ओळखपत्र मूळ हवं, मोबाइलमधला फोटो नको. नावांकडे तर नीट बघा, कारण कोकणात अर्धी कामं तिथेच अडतात. सातबाऱ्यावर बहिणीचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. आजोबा एका फेरफारात 'सखाराम', दुसऱ्यात 'सखा'. आडनावाच्या जागी कुठे गावाचं नाव. असं असेल तर दोन्ही नावं 'ऊर्फ' घालून मजकुरात लिहून घ्या, आणि त्या दोन्ही नावांचा एकेक कागद सोबत आणा. साक्षीदार लागणार असतील तर त्यांचीही ओळखपत्रं आणा. ऐनवेळी बाहेरच्या चहावाल्याला साक्षीला ओढू नका. झेरॉक्सवर 'खरी प्रत' असा शिक्का हवा असेल, तर मूळ कागद दाखवावाच लागतो.

स्टॅम्प पेपर. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात जिथे शंभराचा चालायचा तिथे बहुतेक ठिकाणी पाचशेचा लागतो. मात्र कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला तो माफ आहे. खिडकीवर कोणी मागितला तर शांतपणे विचारा, कशासाठी? गेल्या चवथीला घेऊन ठेवलेला स्टॅम्प यंदा वापरू म्हणाल तर जमत नाही. सहा महिन्यांत वापरला नाही तर महाराष्ट्रात तो बाद होतो. आणि स्टॅम्पवर घेणाऱ्याचं नाव असतं, ते कागदातल्या पक्षकाराचं असलेलं बरं.

पावसाचं लक्षात ठेवा. भाद्रपदात आमच्याकडे कागद पापडासारखा सादळतो, जेल पेनाची शाई पसरते. निळं बॉलपेन आणि प्लास्टिकचं फोल्डर आणा. मजकुरात मोकळी जागा सोडू नका, खाडाखोड झाली तर तिच्याशेजारी सही करा, आणि सही प्रत्येक पानावर.

आजी अंथरुणाला खिळली असेल तर नोटरी घरी येऊ शकतो, प्रवासाचा खर्च वेगळा घेतो. पण तो ज्या क्षेत्रासाठी नेमला आहे त्या क्षेत्रातच. सहीऐवजी अंगठा असेल तर मजकूर तिला समजेल अशा भाषेत वाचून दाखवायला हवा. मालवणीत सांगितलंत तर उत्तमच. तो वाचून दाखवल्याची ओळ कागदात आली पाहिजे. आयुष्यभर काजू फोडलेल्या बोटांवर ठसे राहत नाहीत; शाईच्या अंगठ्याचं निभावतं, पण दुय्यम निबंधकाच्या यंत्रावर ती बोटं दहा-दहा वेळा ठेवावी लागतात. तिकडे जायचं असेल तर हातात वेळ ठेवा, आणि तिला रिकाम्या पोटी नेऊ नका.

शिक्का बसल्यावर लगेच उठू नका. नोटरीचा शिक्का गोल असतो, पाच सेंटिमीटर व्यासाचा; त्यावर त्याचं नाव आणि क्षेत्र असतं. ते वाचा. नोटरीचं प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं आणि मग त्याचं नूतनीकरण करावं लागतं, तेव्हा मुदत विचारायला लाजू नका. तारीख आजचीच आहे ना, बघा. नोटरी प्रत्येक कामाची नोंद आपल्या रजिस्टरमध्ये करतो आणि तिथेही तुमची सही घेतो. ती न घेता कोणी "झालं, जा" म्हणालं तर जाऊ नका. रजिस्टरचा अनुक्रमांक कागदावर उतरला आहे का ते तपासा आणि वहीतही टिपून ठेवा. फीची पावती मागा.

आणि मूळ कागद माळ्यावरच्या लाकडी पेटीत ठेवू नका. आमच्याकडे वाळवी नोटरीचा शिक्का बघून थांबत नाही.