गटक्रियेचा भागावकाश हाताने कसा काढावा

नाशिकमध्ये एम.एस्सी.ला गणित घेऊन पुढे बैजिक भूमितीकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी अविकारी सिद्धांताची (गटाची क्रिया केली तरी न बदलणाऱ्या बहुपदींच्या अभ्यासाची) सुरुवात व्याख्यांपासून न करता एका लहान उदाहरणापासून करावी. देवळालीत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकर यांना ६१७४ या संख्येचा गुणधर्म आकडेमोडीतूनच गवसला, आणि या विषयातही हाताने केलेल्या आकडेमोडीला पर्याय नाही, असे माझे ठाम मत आहे.

क्ष आणि य या दोन्ही संमिश्र संख्या असलेल्या (क्ष, य) बिंदूंच्या प्रतलावर शून्येतर संमिश्र संख्यांच्या गुणाकारी गटाची अशी क्रिया घ्यावी, की ट हा घटक (क्ष, य) हा बिंदू (ट·क्ष, य÷ट) येथे नेईल. क्ष चा घात म आणि य चा घात न असलेली एकपदी ट च्या (म − न) या घाताने गुणली जाते; ती अविकारी राहण्यासाठी म = न हवे. म्हणजे सगळ्या अविकारी बहुपदी क्ष·य या एकाच जनकापासून (बेरीज-गुणाकाराने) तयार होतात आणि भागावकाश, म्हणजे अविकारी बहुपदी ज्यांना वेगळे करू शकत नाहीत असे बिंदू एकच मानून मिळणारा अवकाश, एक रेषा ठरतो.

येथे थांबू नये. क्ष·य = क असा वक्र घेतल्यास, क शून्य नसताना तो संपूर्ण अपास्त एकच कक्षा (एका बिंदूला गटाचे सगळे घटक जेथे जेथे नेतात त्या बिंदूंचा संच) असतो; क = ० असताना मात्र आरंभबिंदू आणि आरंभबिंदू वगळून उरलेले दोन अक्ष अशा तीन कक्षा भागावकाशाच्या एकाच बिंदूत जाऊन पडतात. अक्षांच्या या कक्षा संवृत नाहीत, म्हणजे त्यांचे सीमाबिंदू त्यांच्यात सामावलेले नाहीत; सीमाबिंदू मिळवून होणाऱ्या त्यांच्या संवृतीत आरंभबिंदू येतो, आणि म्हणूनच कोणतीही अविकारी बहुपदी त्यांना त्याच्यापासून वेगळे करू शकत नाही. कोणत्याही नव्या उदाहरणात संवृत कक्षा कोणत्या, हे आधी शोधावे.

सांत गटाच्या सर्व कक्षा संवृत असल्याने ही अडचण येत नाही. तेथे एकपदींची गटावर सरासरी काढावी; एमी नोएथर यांच्या प्रमेयानुसार गटाच्या कोटीइतक्या (घटकांच्या संख्येइतक्या) घातापर्यंत शोधले की पुरते. (क्ष, य) ला (−क्ष, −य) येथे नेणाऱ्या क्रियेत अ = क्ष², ब = क्ष·य, क = य² हे जनक मिळतात, पण ब² = अ·क हा संबंध लिहिल्याशिवाय भागावकाश शंकू आहे हे दिसत नाही.

जनकांची संख्या नेहमीच सांत असते असे गृहीत धरू नये: हिल्बर्ट यांनी १८९० मध्ये अभिजात क्रियांसाठी ते सिद्ध केले, तर नागाता यांनी १९५९ मध्ये प्रतिउदाहरण दिले.

शेवटी (ट·क्ष, ट·य) ही क्रिया करून पाहावी. येथे केवळ स्थिरांक अविकारी राहतात व भागावकाश एक बिंदू उरतो. आरंभबिंदू वगळून ट च्या घाताने गुणल्या जाणाऱ्या बहुपदीही विचारात घेतल्या, तर प्रक्षेपीय रेषा (आरंभबिंदूतून जाणारी प्रत्येक रेषा हा जिचा एकेक बिंदू) मिळते, आणि मम्फर्ड यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या स्थिरतेच्या (भागावकाश काढताना कोणते बिंदू ठेवायचे व कोणते वगळायचे हे ठरवणाऱ्या) कल्पनेकडे जाण्याचा रस्ता हाच आहे.