पावसात पुठ्ठ्याचा रेल्वे मॉडेलचा डबा वाकू नये म्हणून
रत्नागिरीकडे जून लागला की पुठ्ठ्याची मॉडेलं पापडासारखी वळतात, माझे दोन डबे असेच गेले. जुना आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचा) डबा १:८७ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या ८७व्या हिश्शाएवढा केला तर बॉडी साधारण २४५ मिमी लांब येते (खरी २१.३ मीटर), आणि एवढ्या लांब पट्टीला नुसता बाहेरून रंग मारला की ती वाकणारच, म्हणून आधी दोन्ही बाजूंनी लाखेचं पॉलिश पातळ मारा, खिडक्या कापून झाल्या की कडांनाही, नि आतून दर ४-५ सेंमीवर आडव्या पट्ट्या चिकटवा. रंग विटकरी घ्या, निळा नव्वदीत आला. तयार एचओ ट्रॅक (याच १:८७ मापाचा) दोन रुळांमध्ये १६.५ मिमीचा असतो, आपल्या ब्रॉडगेजला खरं तर १९.३ हवा, पण तेवढं चालतंय हो!